बोका ज्युनियर्सला मालक नाही, मग क्लब चालतो कसा?

तुमचा प्रश्न असा होता: "रिकेल्मे बोका ज्युनियर्सचा अध्यक्ष आहे, म्हणजे त्याने क्लब विकत घेतला का? नसेल तर मालक कोण? आणि एवढा मोठा क्लब असूनही हाताशी आलेला प्रत्येक पोरगा दोन वर्षांत युरोपला का विकून टाकतात?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. रिकेल्मे या बोकाच्या माजी खेळाडूने काहीही विकत घेतलेलं नाही, तो निवडून आलाय. अर्जेंटिनाच्या राजधानीतल्या, ब्युनोस आयर्समधल्या या फुटबॉल क्लबला मालकच नाही. ती ना-नफा तत्त्वावरची नोंदणीकृत संस्था आहे आणि सभासद दर चार वर्षांनी मतदान करून अध्यक्ष आणि कार्यकारिणी निवडतात. पण एवढ्यावर थांबलो तर तुमच्या मनातली शंका तशीच राहील. मालक नाही, तर पैसा कुठून येतो, निर्णय कोण घेतं आणि निर्णय फसला तर भुर्दंड कोणाला बसतो? खेळाडू का विकतात, याचं उत्तरही त्यातच आहे.

मालक नसलेला क्लब ही कल्पना आपल्याला अवघड वाटते, कारण आपल्याकडचा मोठा फुटबॉल कंपन्यांच्या जिवावर वाढला. गोव्यातले धेंपो आणि साळगावकर खाणमालकांचे, मुंबईतला महिंद्रा युनायटेड महिंद्रांचा. कंपनीने २०१० मध्ये ठरवलं आणि महिंद्रा युनायटेड बंद झाला. धेंपो, साळगावकर २०१६ मध्ये आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. पाठीराख्यांना कोणी विचारलं नाही, विचारायची सोयही नव्हती. बोका समजून घ्यायचा तर त्यापेक्षा सहकारी साखर कारखाना डोळ्यांसमोर आणा. सभासद, पॅनेल, प्रचार, मतदार यादीवरून कोर्टकज्जे आणि अध्यक्षपदावरून पुढे सत्तेकडे जाणारी वाट, हे सगळं तिथे जसंच्या तसं सापडतं. मात्र बोकाच्या सभासदाला लाभांश मिळत नाही. वर्गणी भरून त्याच्या हाती येतात दोनच गोष्टी, मत आणि मैदानात शिरायचा हक्क. हा दुसरा हक्क फार महत्त्वाचा आहे, त्याकडे पुढे येतो.

मी वर्षानुवर्षं क्रीडा पानावर फुटबॉल लिहितोय. एखादा क्लब समजून घ्यायचा असला की मी ट्रॉफ्या नंतर बघतो. आधी तीन गोष्टी पाहतो: क्लब कुठल्या वस्तीत उभा आहे, मैदानात माणसं किती मावतात आणि खेळाडू कुठून आले, कुठे गेले. बोकाच्या बाबतीत या तीन गोष्टींतून जवळजवळ सगळा इतिहास उलगडतो.

वस्तीपासून सुरुवात करू. ब्युनोस आयर्सच्या दक्षिण टोकाला, रियाचुएलो नदीच्या तोंडाशी ला बोका हा बंदराचा भाग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथे इटलीतून, विशेषतः जेनोआ भागातून आलेल्या लोकांची दाट वस्ती झाली. खलाशी, गोदी कामगार, जहाज दुरुस्त करणारे अशी ही माणसं. त्यांच्या पोरांनी ३ एप्रिल १९०५ रोजी क्लब काढला. एस्तेबान बाग्लिएत्तो, आल्फ्रेदो स्कार्पात्ती, सांतियागो साना आणि फारेंगा बंधू हुआन व तेओदोरो ही संस्थापकांची नावं. बैठक बाग्लिएत्तोच्या घरी सुरू झाली, मग पोरं उठून जवळच्या प्लासा सोलीस चौकात जाऊन बसली. निळा-पिवळा रंग कसा ठरला याची गोष्ट बोकाचा प्रत्येक पाठीराखा सांगतो: बंदरात पुढचं जे जहाज येईल त्याच्या झेंड्याचा रंग घ्यायचा, आणि आलं स्वीडनचं जहाज. जहाजाच्या नावावरून वाद आहेत, रंगाबद्दल नाही.

ज्याच्याशी बोकाचं हाडवैर, तो रिव्हर प्लेटही याच वस्तीत जन्मलाय, १९०१ मध्ये. पण रिव्हर हळूहळू शहराच्या उत्तरेकडच्या श्रीमंत भागाकडे सरकत गेला आणि १९३८ मध्ये त्याने तिथे मोन्युमेंटाल स्टेडियम उघडलं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने पेउसेये आणि बेर्नाबे फेरेरा यांच्यासाठी तेव्हाच्या मानाने डोळे पांढरे होतील इतके पैसे मोजले, म्हणून त्याला 'लक्षाधीश' हे टोपणनाव पडलं. बोका वस्तीतच राहिला. आज दोन्ही क्लबांचे पाठीराखे सगळ्या थरांत आहेत, त्यामुळे 'श्रीमंतांचा क्लब विरुद्ध गरिबांचा क्लब' ही मांडणी आकडेवारीला टिकणार नाही. पण हे क्लब स्वतःकडे कसे बघतात ते कळायला ही पार्श्वभूमी लागतेच, कारण 'वस्ती सोडायची नाही' हा मुद्दा बोकाच्या निवडणुकीत आजही मतं फिरवतो.

सुरुवातीचा काळ भराभर सांगतो. हौशी फुटबॉलच्या जमान्यात बोकाने सहा वेळा लीग जिंकली, पहिल्यांदा १९१९ मध्ये. १९२५ मध्ये संघ युरोपच्या दौऱ्यावर गेला. १९ सामने, १५ विजय, एक बरोबरी आणि तीन पराभव. या दौऱ्यात विक्तोरियानो काफारेना नावाचा एक पाठीराखा संघाबरोबर फिरला. खर्चाला हातभार लावायचा, पडेल ते काम करायचा. खेळाडू त्याला बारावा खेळाडू म्हणू लागले. आज बोकाचे पाठीराखे स्वतःला 'ला दोसे' म्हणजे 'बारावा' म्हणवतात, त्याचं मूळ तिथे आहे. १९३१ मध्ये अर्जेंटिनात व्यावसायिक लीग सुरू झाली आणि पहिलं विजेतेपद बोकाचं. तेव्हापासून हा क्लब वरच्या श्रेणीतून एकदाही खाली गेलेला नाही. बाकीच्या मोठ्या क्लबांपैकी रेसिंग १९८३ मध्ये घसरला, रिव्हर २०११ मध्ये, इंडिपेंडिएंटे २०१३ मध्ये. बोकाही १९४९ मध्ये कड्यावर उभा होता. शेवटच्या दिवशी लानुसला ५-१ हरवलं म्हणून वाचला.

आता मैदान. इथे थोडं थांबावं लागेल.

बोंबोनेरा २५ मे १९४० रोजी सुरू झालं. आराखडा स्लोव्हेनियन वंशाच्या विक्तोर सुल्चिचचा. अडचण जागेची होती. चारी बाजूंना घरं आणि रस्ते, मधे कसाबसा बसेल एवढा तुकडा. मग स्टेडियम आडवं पसरण्याऐवजी उभं वाढवलं. तीन बाजूंना एकावर एक मजले, इतके चढे की वरच्या मजल्यावरचा माणूस जवळजवळ खेळाडूच्या डोक्यावर असतो. तिसरा मजला १९५३ मध्ये चढला. चौथ्या बाजूला जागाच नव्हती, म्हणून तिथे प्रेक्षकांचा उतार नाही, सरळ उभी भिंत आणि तिच्यात बसवलेले बॉक्स. वरून बघितलं तर इंग्रजी डी अक्षरासारखा आकार दिसतो. गर्दी एका तालात उड्या मारायला लागली की खालचं काँक्रीट हलतं. तिथले लोक म्हणतात, बोंबोनेरा थरथरत नाही, तिचं काळीज धडधडतं. प्रतिस्पर्धी कॉर्नर घ्यायला जातो तेव्हा कुंपण त्याच्या पाठीला जवळजवळ टेकलेलं असतं.

आता हा आकडा बघा. या मैदानात पन्नास ते साठ हजारांच्या दरम्यान माणसं मावतात आणि क्लबचे सभासद तीन लाखांच्या वर आहेत. म्हणजे बहुतेक सभासद वर्गणी भरतात, पण आत जाऊ शकत नाहीत. यातून दोन वर्ग तयार झाले. एक सक्रिय सभासद, ज्याला प्रवेशात प्राधान्य आणि मत आहे. दुसरा संलग्न सभासद, जो वर्गणी भरत प्रतीक्षा यादीत थांबतो आणि कधीतरी सक्रिय व्हायची वाट बघतो. मग कोणाला कधी बढती मिळाली, रांग मोडून कोण पुढे गेलं, हा प्रश्न पेटतोच. क्लबने शेजारची घरं विकत घेऊन चौथी बाजू उचलायचा विचार अनेकदा केला. घरमालक विकायला तयार नाहीत. नवं स्टेडियम बांधू म्हणणारे उमेदवारही येतात, आणि वस्तीत राहणारा, न राहणारा असे दोन्ही प्रकारचे सभासद त्यांच्याकडे संशयाने बघतात.

मोठ्या मैदानाचं स्वप्न एकदा फार महागात पडलंय. आल्बेर्तो आर्मांदो हा मोटारींचा व्यापारी १९६० ते १९८० सलग अध्यक्ष होता. धडाडीचा माणूस. त्याच्याच काळात बोका १९६३ मध्ये कोपा लिबर्तादोरेसच्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या सर्वात मोठ्या स्पर्धेच्या, अंतिम फेरीत पेलेच्या सांतोसकडून हरला आणि त्याच्याच काळात, लोरेन्सो प्रशिक्षक असताना, १९७७ आणि १९७८ मध्ये ती स्पर्धा सलग दोनदा जिंकला. आज बोंबोनेराला अधिकृत नाव त्याचंच आहे. पण त्याने ला प्लाता नदीत भर घालून क्रीडानगरी आणि सुमारे १,४०,००० प्रेक्षकांचं स्टेडियम उभारायचं जाहीर केलं. उद्घाटनाची तारीखही दिली, २५ मे १९७५. लोकांनी रोखे घेतले, भराव पडला, स्टेडियम कधीच उभं राहिलं नाही. पुढे ती जमीनही क्लबच्या हातून गेली.

यानंतरचा प्रसंग तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचा आहे. १९८१ च्या सुरुवातीला बोकाने अर्जेंटिनोस ज्युनियर्सकडून मॅराडोनाला लोनवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं उसनं आणलं. व्यवहार डॉलरमध्ये ठरला होता. त्याच वर्षी पेसो हे अर्जेंटिनाचं चलन कोसळलं. तिकीटविक्री पेसोत, वर्गणी पेसोत आणि देणं डॉलरमध्ये. त्या वर्षी बोकाने लीग जिंकली, मॅराडोना १९८२ मध्ये बार्सिलोनाला गेला आणि क्लब कर्जात रुतला.

तळ गाठला १९८४ मध्ये. पगार थकल्याने मुख्य खेळाडू संपावर, बोंबोनेरा दुरुस्तीअभावी बंद. अटलांटा क्लबविरुद्ध सामना होता. त्यांचाही रंग निळा-पिवळा, म्हणून बोकाच्या पोरांना पांढरे शर्ट घालावे लागले. पाठीवर नंबर छापलेले शर्ट नव्हते, म्हणून मार्करने हाताने नंबर काढले. घाम आला तशी शाई पसरली आणि थोड्या वेळाने कोणाच्या पाठीवर कुठला नंबर ते वाचता येईना. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बार्सिलोनाने गाम्पर करंडकाच्या मैत्रीपूर्ण सामन्यात बोकाला ९-१ असं तुडवलं. शेवटी सरकारने प्रशासक नेमला.

खाजगी मालक असता तर त्याने यापुढे टाळं लावलं असतं, किंवा दुसऱ्या कोणी क्लब मातीमोल भावात उचलला असता. इथे १९८५ मध्ये निवडणूक झाली. आंतोनियो आलेग्रे अध्यक्ष झाला आणि कार्लोस एलेर उपाध्यक्ष. एलेर क्रेदिकोप या सहकारी बँकेतला माणूस होता, ताळेबंद वाचता येणारा. या जोडीने दहा वर्षं चिकाटीने कर्ज फेडलं. त्यांच्या काळात ट्रॉफ्या मोजक्याच आल्या. लीगचं विजेतेपद तर १९८१ नंतर थेट १९९२ मध्ये आलं. माझ्या मते बोकाच्या इतिहासात या दोघांचं स्थान कुठल्याही आघाडीवीराइतकंच आहे, आणि त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं याचं मला वाईट वाटतं.

१९९५ मध्ये याच दोघांना हरवून मौरिसियो माक्री अध्यक्ष झाला. बड्या उद्योजकाचा मुलगा. तो २००७ पर्यंत होता, नंतर ब्युनोस आयर्स शहराचा प्रमुख झाला आणि २०१५ ते २०१९ अर्जेंटिनाचा राष्ट्राध्यक्ष. बोकाचं अध्यक्षपद ही देशाच्या राजकारणातली पायरी होऊ शकते, ते असं. त्याचा सगळ्यात चांगला निर्णय १९९८ मध्ये कार्लोस बियांकीला प्रशिक्षक नेमण्याचा. बियांकीच्या संघाने लीगमध्ये सलग ४० सामने पराभव पाहिला नाही, आणि २०००, २००१ व २००३ मध्ये लिबर्तादोरेस जिंकली.

संघ कसा बनतो हे दाखवायला मी नेहमी नोव्हेंबर २००० मधला टोकियोचा सामना घेतो, इंटरकॉन्टिनेंटल कपचा, म्हणजे युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या विजेत्या क्लबांतला, समोर रेआल माद्रिद. गोलरक्षक कोर्दोबा, कर्णधार बेर्मुदेस आणि मधल्या फळीचा कणा सेर्ना हे तिघेही कोलंबियाचे. बात्ताग्लिया बोकाच्याच युवा संघातून आलेला. रिकेल्मे अर्जेंटिनोसकडून १९९६ मध्ये पोरवयात घेतलेला. पालेर्मो एस्तुदियान्तेसकडून १९९७ मध्ये आणलेला. म्हणजे थोडे घरचे, थोडे देशातल्या छोट्या क्लबांतून वेळेत हेरलेले आणि मोक्याच्या जागांवर शेजारच्या देशांतले अनुभवी. पालेर्मोने पहिल्या सहा मिनिटांत दोन गोल केले, रॉबेर्तो कार्लोसने एक फेडला, आणि उरलेला वेळ रिकेल्मेने चेंडू पायाशी धरून घालवला. त्याच्या पाठीवर माकेलेले लोंबकळतोय आणि चेंडू काही सुटत नाही, हे दृश्य शोधून बघा. निकाल २-१.

पण त्या संघात दोन नावं नव्हती. जूनमध्ये लिबर्तादोरेस जिंकलेल्या बचावफळीतला सामुएल तोवर रोमाला गेला होता आणि आरुआबारेना व्हियारेआलला. दक्षिण अमेरिकेचा विजेता संघ जगज्जेतेपदाला उतरेपर्यंत अर्धी बचावफळी विकली गेली होती. पुढच्या वर्षी पालेर्मो गेला, २००२ मध्ये रिकेल्मे बार्सिलोनाला.

का विकतात? कारण मालक नसलेल्या क्लबात तोटा भरून काढणारा खिसा नसतो. युरोपातला अब्जाधीश मालक वाईट वर्षी स्वतःचे पैसे ओततो. बोकाचं उत्पन्न म्हणजे वर्गणी, तिकीट, प्रायोजक आणि प्रक्षेपणाचे हक्क. यातलं बहुतेक पेसोत येतं आणि पेसो घसरत राहतो. डॉलर किंवा युरो आणणारी मोठी गोष्ट म्हणजे खेळाडू, त्याखालोखाल लिबर्तादोरेसची बक्षिसं. त्यामुळे खेळाडूविक्री हा संकटातला उपाय नाही, दरवर्षीच्या अंदाजपत्रकातली जमेची बाजू आहे. शिवाय पोरालाही जायचं असतं. तिकडचा पगार कित्येक पटींनी जास्त, आणि अर्जेंटिनात विक्रीच्या रकमेतला १५ टक्के वाटा खेळाडूला मिळतो. त्याला अडवलं तर करार संपल्यावर तो फुकट जाणार. तुम्ही विचारलंत तसं 'एवढा मोठा क्लब असून' विकतात असं नाही. विकायला चांगलं पोर तयार होत राहतं म्हणून क्लब एवढा मोठा राहतो.

त्यामुळे आजचा बोकाचा संघ बघाल तर वयाचा आलेख मधे खचलेला दिसतो. एका टोकाला एकोणीस-वीसची पोरं, दुसऱ्या टोकाला तिशी ओलांडलेले परतलेले. रिकेल्मे २००७ मध्ये लोनवर आला आणि मिगेल आंखेल रुस्सोच्या हाताखाली लिबर्तादोरेस जिंकून देऊन गेला. ती बोकाची सहावी, आजतागायत शेवटची. तेवेझ २०१५ मध्ये युव्हेंटसहून परतला. त्या व्यवहारात युव्हेंटसला बोकाच्या काही पोरांवर पहिला हक्क मिळाला आणि बेंटांकुर २०१७ मध्ये तिकडे गेला. पारेदेस २०२५ मध्ये रोमाहून आला. चोवीस ते एकोणतीस या भरातल्या वयाचा अर्जेंटिनी खेळाडू इथे कमी दिसतो. सहाव्या कपानंतर बोका २०१२, २०१८ आणि २०२३ अशा तीन अंतिम फेऱ्या हरला, त्याला हेही एक कारण आहे. एकमेव कारण म्हणणार नाही. २०१८ ची अंतिम फेरी तर रिव्हरविरुद्ध होती आणि बोकाच्या बसवर हल्ला झाल्याने दुसरा सामना माद्रिदला हलवावा लागला. तिथे वेगळीच गणितं होती.

आतापर्यंतचं एकत्र धरा: वस्ती सोडायची नाही म्हणून मैदान छोटं, मैदान छोटं म्हणून सक्रिय सभासदत्वाला भाव, मालक नाही म्हणून तोटा सोसायला कोणी नाही, आणि म्हणून खेळाडू विकणं भाग. यात आता निवडणूक घाला, म्हणजे रिकेल्मे कळेल.

८ एप्रिल २००१. बोंबोनेरात रिव्हरविरुद्ध सामना. रिकेल्मेची पेनल्टी गोलरक्षक कोस्तान्सोने अडवली, परत आलेला चेंडू रिकेल्मेने डोक्याने आत घातला. मग तो पळत गेला आणि अध्यक्षांच्या बॉक्ससमोर उभा राहिला. दोन्ही हात कानांमागे पसरून, ऐकू येत नाही असा आव आणून. वर माक्री बसला होता आणि दोघांमध्ये पगारावरून वाद चालू होता. नंतर रिकेल्मे म्हणाला, माझ्या मुलीला तोपो जिजो आवडतो. तोपो जिजो म्हणजे टीव्हीवरचा मोठ्या कानांचा बाहुला-उंदीर. मैदानातल्या कोणालाही ते खरं वाटलं नाही.

त्यानंतर २०१९ मध्ये रिकेल्मे अध्यक्षपदाचा उमेदवार होर्खे आमेआल याच्या पॅनेलमधून उपाध्यक्ष झाला आणि फुटबॉलची सूत्रं त्याच्याकडे आली. त्याने खेळाडू निवडायला जी समिती बसवली तीत टोकियोच्या संघातले बेर्मुदेस आणि देल्गादो होते. डिसेंबर २०२३ मध्ये तो स्वतः अध्यक्षपदाला उभा राहिला. समोर आंद्रेस इबार्रा, त्याच्या पॅनेलमध्ये उपाध्यक्षपदाचा उमेदवार खुद्द माक्री, आणि जिंकलो तर प्रशिक्षक म्हणून पालेर्मोला आणू अशी घोषणा. पालेर्मो म्हणजे २३६ गोलांसह क्लबचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू. त्याने २०१० मध्ये चेरोचा गोलांचा जुना विक्रम मोडला तो गोल रिकेल्मेच्याच पासवर होता, आणि गोलनंतर दोघे दोन दिशांना पळाले होते. तो दुरावा तेरा वर्षांनी मतपत्रिकेवर आला.

निवडणूक ठरल्या दिवशी झालीच नाही. सुमारे १३ हजार संलग्न सभासदांना नियम डावलून सक्रिय केलं, असा आक्षेप विरोधी पॅनेलने कोर्टात नेला आणि मतदान थांबलं. मघाशी प्रतीक्षा यादीचं सांगितलं ते यासाठी. शेवटी १७ डिसेंबरला ४३ हजारांहून अधिक सभासदांनी मत दिलं आणि रिकेल्मे जवळपास ६५ टक्के मतांनी निवडून आला. त्या दिवशी रांगेत देशाचा नवा राष्ट्राध्यक्ष हाविएर मिलेईही होता. शपथ घेऊन आठवडा झालेला, तोही बोकाचा सभासद. सभासदांनी शिट्ट्या मारून त्याचं स्वागत केलं. राग होता तो क्लब खाजगी कंपन्यांना खुले करण्याच्या त्याच्या कल्पनेवर. तीनच दिवसांनी त्याने अध्यादेश जाहीर केला, त्यात क्लबांना भागधारकांची कंपनी होण्याची मुभा देणारी कलमं होती. अर्जेंटिनाच्या फुटबॉल संघटनेने विरोध केला आणि प्रकरण कोर्टात गेलं.

इथे मी हात राखून बोलतो, कारण यातलं बरंच काही सरकार, न्यायालयं आणि पुढच्या निवडणुकांवर अवलंबून आहे. खाजगी भांडवलाने सगळं वाईटच होतं असंही नाही. रेसिंग क्लबचं दिवाळं निघालं तेव्हा २००० मध्ये एका खाजगी कंपनीने कारभार घेतला, आणि २००१ मध्ये रेसिंगने ३५ वर्षांनी लीग जिंकली. पण काही वर्षांत ती कंपनीही बुडाली आणि २००८ मध्ये क्लब पुन्हा सभासदांकडे आला. माझं मत विचाराल तर सभासदांचा क्लब असावा, ठामपणे. मात्र सभासदांचा क्लब आपोआप स्वच्छ असतो असं कोणी सांगितलं तर मानू नका.

कारण त्या व्यवस्थेची काळी बाजू बोकात ढळढळीत आहे. ला दोसेच्या नावाने वावरणारी संघटित टोळी तिकिटांचा काळाबाजार, पार्किंगची वसुली, खेळाडूंवर दबाव अशा उद्योगांसाठी बदनाम आहे. तिच्या म्होरक्यांना तुरुंगवासही झालाय. ज्या क्लबात मतं मोजली जातात तिथे मतं गोळा करू शकणाऱ्या टोळीला अध्यक्ष सहसा दुखवत नाही. २०१५ मध्ये रिव्हरविरुद्ध लिबर्तादोरेसच्या सामन्यात मध्यंतरानंतर रिव्हरच्या खेळाडूंवर बोंबोनेराच्या बोगद्यात तिखट फवारलं गेलं, आणि बोकाला स्पर्धेतून बाद केलं. लीगच्या सामन्यांना पाहुण्या पाठीराख्यांवर २०१३ मध्ये बंदी आली, ती असल्याच हिंसाचारामुळे. आणि २३ जून १९६८ चा दिवस मी कुठल्याही बोका-रिव्हर लेखातून वगळत नाही. मोन्युमेंटालच्या १२ नंबरच्या दारात चेंगराचेंगरीत ७१ माणसं गेली. बहुतेक बोकाचे पाठीराखे, बहुतेक कोवळी पोरं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण सांगतो. बोका म्हणजे फक्त पुरुषांचा फुटबॉल संघ नव्हे. बास्केटबॉलचा संघ राष्ट्रीय लीग अनेकदा जिंकलेला आहे आणि तो ज्या सभागृहात खेळतो त्याला 'बोंबोनेरिता' म्हणतात. महिला फुटबॉल संघाने व्यावसायिक जमान्यातलं पहिलं विजेतेपद जानेवारी २०२१ मध्ये मिळवलं, अंतिम सामन्यात रिव्हरला ७-० हरवून. पुढच्याच वर्षी त्यांनी लिबर्तादोरेसची अंतिम फेरी गाठली. सभासदाच्या वर्गणीतून हे सगळं चालतं.

आता तुम्हाला खरंच मागोवा घ्यायचा असेल तर. लिबर्तादोरेसचे बरेच सामने तिकडे रात्री साडेनऊला सुरू होतात, म्हणजे आपल्याकडे सकाळी सहाला. छापील पेपर तोवर निघून गेलेला असतो, त्यामुळे मराठी वर्तमानपत्रात बातमी एक दिवस शिळी मिळेल. सामना थेटच बघा. संघ जाहीर झाला की वयाचे आकडे बघा, वीस-एकविसाच्या आतले किती आणि तिशीपुढचे किती. जानेवारी आणि जुलैत विक्री कोणाची झाली ते बघा. आणि डिसेंबर २०२७ मध्ये चार वर्षं पुरी होतील तेव्हा उमेदवारांच्या भाषणांपेक्षा त्यांचं बोंबोनेराबद्दलचं म्हणणं आणि मतदार यादीवरचे आक्षेप आधी वाचा.